बंदुकीला गाडीचे तेल चालते का? सीमाभागातल्या पावसात इंजिन ऑईल, गिअर ऑईल आणि ग्रीस यांचे परीक्षण

खानापूर तालुक्यात, बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत आणि पलीकडे हल्याळ-जोयडाच्या पट्ट्यात शेतीरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारी घरे अजूनही आहेत. भात पोटरीत आले की रानडुकरे शिरतात, उसात गवे उतरतात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे बंदुकीचे काम बहुतेक वेळा आवाज करून जनावर हाकलण्यापुरतेच उरते. अशी बंदूक वर्षातला फार मोठा काळ माजघराच्या कोपऱ्यात किंवा कपाटात पडून असते. तिच्यासाठी म्हणून आणलेले तेल मात्र फारच थोड्या घरांत दिसते. परदेशी गन ऑईलची लहानशी कुपी ज्या किमतीला मिळते, त्या किमतीत दुचाकीच्या इंजिन ऑईलचा लिटरभराचा डबा येतो, त्यामुळे गॅरेजमधले तेल बंदुकीला चालेल का, हा प्रश्न कंजूषपणाचा नसून रास्त आहे. त्याचे उत्तर नीट तपासून द्यावे, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे. कोणत्या एका कंपनीची शिफारस करणे हा यामागचा उद्देश नाही. डब्यावरचे नाव बदलले तरी त्या प्रकारच्या तेलाचे गुणदोष फारसे बदलत नाहीत, म्हणून मी प्रकारांचाच विचार केला आहे.

तेल निवडण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवावी लागते, ती म्हणजे आपल्याकडची बंदूक कशाने खराब होते. अमेरिकेतील नेमबाज तेलांवर वाद घालतात, तेव्हा त्यांच्यासमोर एका दिवसात शेकडो फैरी झाडणारे पिस्तूल असते किंवा शून्याखालच्या थंडीत घट्ट होणारे तेल असते. आपल्याकडे यांपैकी काहीच नाही. बेळगावात डिसेंबरच्या पहाटेही पाणी गोठत नाही आणि बारा बोअरच्या दुनळीतून, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीतून, वर्षभरात निघणारे बार बोटांवर मोजता येतात. आपल्या बंदुकांचे भाग घर्षणाने झिजून निकामी झाल्याची उदाहरणे विरळा, पण गंजाने खड्डे पडलेल्या नळ्या मात्र प्रत्येक गावात सापडतील. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीत आणि आमगाव, जांबोटीच्या परिसरात जून ते सप्टेंबर भिंतींना घाम सुटलेला असतो, कपाटातील चामड्याच्या वस्तूंवर बुरशी येते, आणि त्याच कपाटात बंदूक असते. तिच्या नळीवरील निळसर-काळे ब्लूइंग दिसायला भक्कम वाटले, तरी तो लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि वर तेल नसेल तर गंजाला तो फारसा अडवत नाही. म्हणून माझ्या मते इथल्या बंदुकीसाठी तेल निवडताना पहिली कसोटी गंज रोखण्याची, दुसरी तेल जागच्या जागी टिकून राहण्याची आणि वंगणाची कसोटी त्यानंतरची. हा क्रम एकदा मान्य केला की बरेचसे वाद आपोआप मिटतात.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रशाळेत काम करत आलो असल्यामुळे तेलांशी रोजचा संबंध आहे. पावसाळ्याच्या तोंडावर साध्या पोलादाच्या उरलेल्या पट्ट्या मी पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून कोरड्या केल्या, प्रत्येकीला एकेका तेलाचा हात चिंदीने दिला आणि जांबोटीच्या घराच्या पडवीत, पागोळ्यांपासून हातभर आत, सुतळीने टांगून ठेवल्या. ही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे. पण ज्या हवेत बंदूक राहते त्याच हवेत पट्ट्या राहिल्या, एवढे तिचे मोल आहे. काहीच न लावलेली पट्टी दुसऱ्याच सकाळी तांबूस झाली होती. बाकीच्यांचे काय झाले, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

आधी नव्या इंजिन ऑईलकडे पाहू, कारण सर्वांच्या घरात सहज सापडणारे तेच. डब्यावर २०डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. त्यातला ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा आणि नंतरचा १०० अंश सेल्सिअसवरच्या दाटपणाचा असतो. बंदुकीच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे तसे दूरचेच, कारण ती गोठणबिंदूलाही जात नाही आणि उकळत्या पाण्याइतकी तापतही नाही. ४० अंशांना, म्हणजे आपल्या उन्हाळ्याच्या जवळपास, १५डब्ल्यू-४० चा दाटपणा साधारण ११० सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक), तर २०डब्ल्यू-५० चा १६० च्या वर असतो. शिलाई मशीनचे तेल याच तापमानाला दहा-वीसच्या घरात येते. एवढ्या फरकामुळे इंजिन ऑईल पोलादावर जास्त वेळ धरून राहते, हे खरे. त्याशिवाय त्यात झीज रोखणारा झिंकचा घटक, गंजरोधक आणि तेल लवकर चिकट होऊ न देणारी द्रव्ये घातलेली असतात. दुनळीच्या बिजागरीवर किंवा काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्यावर जेवढा भार येतो, त्याच्या कितीतरी पट भार कॅमशाफ्टवर पेलणारे हे तेल आहे. त्यामुळे वंगण म्हणून त्याच्या क्षमतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

मात्र इंजिन ऑईलच्या एका गुणाचा पावसाळ्यात तोटा होतो. जळणातून आलेली काजळी, आम्ल आणि पाणी तळाशी बसू न देता तेलातच तरंगत ठेवणे, हे त्यातल्या डिटर्जंट आणि डिस्पर्संट द्रव्यांचे काम असते. इंजिनात हे उपयोगी, कारण तेल गरम होते, पाणी उडून जाते आणि ठरावीक किलोमीटरनंतर सगळे तेल बदलले जाते. बंदुकीवर ते तापत नाही आणि वर्षानुवर्षे कोणी बदलत नाही. हवेतून शिरलेली ओल त्या थरात धरून ठेवली जाते. हायड्रॉलिक किंवा टर्बाइन तेल पाण्याला जसे चटकन बाजूला सारते, तसे इंजिन ऑईल सारत नाही. माझ्या पट्ट्यांपैकी नव्या २०डब्ल्यू-४० ची पट्टी श्रावणापर्यंत चांगली राहिली. त्यानंतर तिच्या खालच्या कडेला, जिथे तेल निथळून थेंबासारखे साचले होते तिथे काही झाले नाही, पण वरच्या टोकाला, जिथून ते ओघळून गेले होते तिथे, सुईच्या टोकाएवढे ठिपके उमटले. म्हणजे थर असेपर्यंत संरक्षण मिळते, आणि थर मात्र हळूहळू खाली उतरत राहतो. उभ्या ठेवलेल्या बंदुकीत हे तेल कुठे उतरते, ते पुढे पाहू. दर पंधरा-वीस दिवसांनी पुसून नवा हात देणाऱ्यासाठी नवे इंजिन ऑईल समाधानकारक आहे. जो गणपतीला बंदूक ठेवतो आणि शिमग्याला काढतो, त्याच्यासाठी ते पुरेसे नाही.

सिंथेटिक तेल घ्यावे का, असे पुष्कळजण विचारतात. परदेशात ०डब्ल्यू-२० सारखी पातळ सिंथेटिक तेले पिस्तुलांसाठी आवडीने वापरली जातात आणि ती लवकर उडून जात नाहीत, हा त्यांचा खरा फायदा आहे. पण जास्तीचे पैसे मुख्यतः उच्च तापमानातल्या टिकाऊपणासाठी द्यावे लागतात, आणि तो आपल्या दुनळीला कधी वापरावाच लागत नाही. कारसाठी आणलेल्या डब्यात तळाशी उरले असेल तर खुशाल वापरावे, मुद्दाम विकत आणू नये.

जुन्या, काढलेल्या ऑईलबद्दल मात्र ठाम बोलले पाहिजे. गॅरेजवाला फुकट देतो म्हणून काळे ऑईल बाटलीत भरून नेणारे आणि तेच नळीत फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात जळणातून तयार झालेली आम्ले असतात, ती निष्प्रभ करणारी द्रव्ये वापरून संपलेली असतात आणि इंजिनातून झिजलेला धातूचा बारीक कीस असतो. गंज थांबवण्यासाठी गंजाचेच साहित्य चोळण्यासारखे हे आहे. शिवाय वापरलेल्या इंजिन ऑईलमधील बहुवलयी हायड्रोकार्बन त्वचेला घातक असतात आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध आहे. बंदुकीवरचे तेल हाताला, गालाला लागतेच. या तेलाला मी कोणत्याही कामासाठी पसंती देणार नाही, दाराच्या बिजागरीलाही नाही.

गॅरेजमध्ये पॉवर स्टीअरिंगचे म्हणून जे लाल तेल मिळते, ते म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. ते मला अपेक्षेपेक्षा चांगले वाटले. ४० अंशांना त्याचा दाटपणा पस्तीसच्या आसपास असतो, म्हणजे शिलाई मशीनच्या तेलाहून दाट आणि इंजिन ऑईलहून बरेच पातळ. बारीक फटीत ते लगेच शिरते, सहजी चिकट होत नाही आणि लाल रंगामुळे कुठे लागले व कुठे राहिले ते डोळ्यांना दिसते, ही सोय लहान वाटली तरी कामाची आहे. अमेरिकेतील बंदूकविषयक लेखक एड हॅरिस यांनी याच तेलात केरोसीन, मिनरल स्पिरिट आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून नळी साफ करण्याचे मिश्रण प्रचारात आणले आणि ते तिकडे बरेच लोकप्रिय आहे. पण आपल्या घरांत ते बनवण्याचा सल्ला मी देणार नाही. अ‍ॅसिटोनची वाफ चुलीच्या किंवा देवघरातल्या समईच्या आसपास क्षणात पेट घेते, आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्याच्या पॉलिशवर एक थेंब पडला तरी डाग कायमचा राहतो. नुसते लाल तेल चापाच्या खिळीला, सेफ्टीच्या बटणाला आणि एक्स्ट्रॅक्टरला टाचणीच्या टोकाने थेंब-थेंब द्यावे. बाहेरच्या संरक्षणासाठी मात्र ते फार पातळ पडते. माझी लाल तेलाची पट्टी इंजिन ऑईलच्या पट्टीच्या बरीच आधी डागाळली. शिलाई मशीनच्या तेलाची तर त्याही आधी, आषाढ सरायच्या आतच.

गिअर ऑईलविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. डब्यावर ९० हा आकडा पाहून ते इंजिन ऑईलच्या दुप्पट दाट असावे, असे वाटते. प्रत्यक्षात गिअर ऑईलची आकडेमोड वेगळ्या मोजपट्टीवर चालते, आणि ९० नंबरचे गिअर ऑईल १०० अंशांना इंजिन ऑईलच्या ४०-५० नंबराच्याच पातळीवर येते. त्यातली गंधक-फॉस्फरसयुक्त अतिदाबाची द्रव्ये डिफरन्शिअलच्या दात्यांसाठी असतात. त्यांचा उग्र वास घरभर पसरतो, आणि जीएल-५ दर्जाच्या तेलांतला क्रियाशील गंधक पितळ, तांबे यांना काळवंडवू शकतो, प्रसंगी कुरतडतोही. काडतुसाचा बूड पितळी असतो आणि जुन्या बंदुकांवर पितळी पट्ट्या, चकत्या असतात. काडतूस बसते त्या चेंबरमध्ये असे तेल राहिलेले मला तरी चालणार नाही. दुनळीच्या बिजागरीला एवढ्या औषधाची गरजही नसते. हे तेल ट्रॅक्टरच्याच पोटात शोभते.

आता ग्रीस. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि इथेच सर्वात जास्त हलगर्जीपणा होतो. ‘ग्रीस म्हणजे ग्रीस’ असे समजून ट्रकच्या चाकातून निघालेला गोळा बोटावर घेणारे आहेत. ग्रीस म्हणजे तेलाला साबणासारख्या द्रव्यात बांधून ठेवलेले असते. त्या साबणाच्या जातीवर पाण्याशी त्याचे वागणे ठरते, आणि आपल्याकडे तर पाण्याशीच गाठ आहे. सोडियम साबणाचे ग्रीस पाण्यात विरघळते, म्हणून ते बाद. लिथियमचे ग्रीस आज सर्वत्र मिळते. डब्यावर एपी-३ किंवा एमपी-३ असे लिहिलेले असते, त्यातला ३ हा घट्टपणाचा दर्जा आहे. ते पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि १८० अंशांच्या पुढेपर्यंत वितळत नाही. कॅल्शियमचे ग्रीस, ज्याला जुने मिस्त्री अजून कप ग्रीस म्हणतात, ते शंभर अंशांच्या अलीकडेच ढासळते, त्यामुळे मोटारीच्या चाकाला ते कोणी आता फारसे घालत नाही. पण पाण्याला ते सर्वांहून चिवट विरोध करते, आणि दुनळी काही शंभर अंशांना तापत नाही. मोटारीने टाकून दिलेला हा प्रकार आपल्या बंदुकीला म्हणूनच नेमका बसतो.

याला मोठा दाखलाही आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या एम-१ गॅरंड रायफलीचे तेल मुसळधार पावसात धुऊन जाई आणि चेंबर उघडबंद करणारा बोल्ट अडखळत असे. त्यावर इलाज म्हणून ल्युब्रिप्लेट १३०-ए हे कॅल्शियमचे ग्रीस देण्यात आले. पाण्याखाली राहणाऱ्या पोलादाला तेलापेक्षा ग्रीस बरे, ही गोष्ट तेव्हापासून सैनिकांना ठाऊक आहे. आमच्या भागातला पाऊस पाहिला, तर तो धडा आपल्यालाही लागू पडतो.

ग्रीस कुठे लावावे, हे त्याच्या जातीइतकेच महत्त्वाचे आहे. दुनळी उघडून नळी वेगळी केली की नळीच्या बुडाखाली अर्धगोल खाच दिसते, ती ज्या आडव्या खिळीवर फिरते ती खिळी, खालच्या लाकडाच्या लोखंडी तोंडाचा घासणारा अर्धवर्तुळाकार भाग, आणि नळी बंद झाल्यावर कुलूप जिथे अडकते ते दात, एवढ्या तीन जागा ग्रीसच्या. जुने ग्रीस चिंदीने पूर्ण पुसावे. काळपट पेस्ट निघाली तर ती धूळ आणि धातूचा कीस यांची असते, आणि नवे ग्रीस तिच्यावरच लावले तर ते पॉलिश पेपरचे काम करते. नंतर तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस बोटाने इतके पसरावे की त्यातून पोलादाचा रंग दिसत राहील. नळी बंद केल्यावर फटीतून ग्रीस बाहेर आले, तर ते जास्त झाले. चिकोडी, अथणी, गोकाककडच्या कोरड्या, काळ्या मातीच्या धुळीत तर याहूनही कमी लावावे आणि सुगीनंतर एकदा हमखास बदलावे, कारण तिथे पाण्यापेक्षा धूळ जास्त त्रास देते. चापाच्या आतल्या यंत्रणेत आणि काडतुसावर ठोका मारणाऱ्या फायरिंग पिनच्या वाटेत ग्रीस कधीही जाऊ नये. तिथे ते साचले की पिनचा ठोका हलका बसतो, काडतूस पेटत नाही, आणि न पेटलेले काडतूस चेंबरमध्ये असलेली बंदूक हातात धरणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

मोलिब्डेनम डायसल्फाइड घातलेले काळे ग्रीस, जे मोटारीची चाके फिरवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांना (सीव्ही जॉइंटला) घालतात, ते दाबाखाली उत्तम काम करते. गैरसोय एवढीच, की त्याचा काळा डाग सदऱ्यावरून जात नाही. ग्राफाइट ग्रीस मात्र टाळावे. ट्रकच्या कमानपाट्यांना ते ठीक आहे, परंतु ओल आली की ग्राफाइटच्या सान्निध्यात पोलाद अधिक लवकर गंजते, आणि दमट कपाटात हाच उद्योग होतो.

माझ्या पट्ट्यांत कॅल्शियम ग्रीसची पट्टी दसऱ्याला पुसली, तेव्हा खालचे पोलाद पेपरच्या घासणीसकट जसेच्या तसे निघाले. लिथियमची पट्टीही जवळजवळ तशीच होती, एका कडेला फिकट सावली होती एवढेच. पण संपूर्ण नळीला ग्रीस फासून ठेवणे व्यवहार्य नाही, कारण रात्री डुकरांची चाहूल लागल्यावर ते पुसत बसायला वेळ नसतो. नळीच्या बाहेरच्या बाजूला काय लावावे, याचे उत्तर मला गॅरेजात सापडले नाही. ते उद्यमबागेतल्या औद्योगिक तेलांच्या दुकानात सापडले.

बेळगावात ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या शेकडो कार्यशाळा आहेत. तिथे घासून चकचकीत केलेला क्रँकशाफ्ट किंवा हायड्रॉलिकचा सुटा भाग ग्राहकाकडे पोचेपर्यंत गंजू नये म्हणून त्याला रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑईल लावतात. हे तेल वंगणासाठी बनवलेलेच नसते. त्यातला पातळ द्रव पृष्ठभागावरचे पाणी उचलतो, उडून जातो आणि मागे गंजरोधकाचा पातळ थर ठेवतो. काही प्रकारांत हा थर तेलकट राहतो, काहींत मेणासारखा होतो. बंदुकीसाठी तेलकट थराचा प्रकार मागावा. माझ्या पट्ट्यांत कॅल्शियम ग्रीसच्या बरोबरीने टिकलेली हीच एक होती. जे तेल मोजूनमापून याच कामासाठी तयार केलेले आहे, ते आपल्या शहरात सुट्या लिटरने मिळत असताना आपण देवघरातले खोबरेल नळीला का लावतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. खोबरेल तर चोवीस अंशांच्या खाली थिजते. मार्गशीर्षातल्या पहाटे चापाच्या यंत्रणेत ते पांढरे होऊन बसते, आणि जुने झाले की खवट होऊन चिकटतेही.

त्याच दुकानात मी स्लाइडवे ऑईलही घेतले. लेथच्या बेडवरून ओघळून जाऊ नये म्हणून त्यात चिकटपणा आणणारे द्रव्य असते आणि कूलंटच्या पाण्याने ते सहज धुतले जात नाही. ६८ नंबर म्हणजे ४० अंशांना ६८ सेंटिस्टोक. बंदुकीसाठी हवे असल्याचे सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, ‘‘मग हेच न्या की ओ मामा. लेथच्या बेडला चिकटून राहतंय ते तुमच्या नळीला राहणार नाही होय?’’ त्यांचे म्हणणे बरोबर ठरले. बोल्ट रायफलीच्या बोल्टला आणि पिस्तुलाच्या सरकणाऱ्या भागांना मी आता इंजिन ऑईलऐवजी हेच सुचवतो. दुनळीच्या एक्स्ट्रॅक्टरलाही ते चांगले चालते.

काही द्रवांबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. ब्रेक ऑईल हे वंगण नव्हेच. ते हवेतले पाणी शोषते आणि दस्त्याचे पॉलिश उतरवते. ब्रेक क्लीनरची फवारणी लोखंडावरचा जुना चिकटा उत्तम काढते, पण लाकूड वेगळे केल्याशिवाय ती मारू नये आणि मारल्यानंतर लगेच तेल द्यावे, कारण ती सगळे तेल धुऊन काढते. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवण्यासाठी तयार झालेले द्रव्य आहे. भिजून आलेल्या बंदुकीवर पहिला उपाय म्हणून ते चांगले, मात्र त्यावर थांबून बंदूक कपाटात ठेवू नये.

खास बंदुकीसाठीच्या तेलांना काही अर्थ नाही, असा समज या लेखातून होऊ नये. जर्मनीत विसाव्या शतकाच्या आरंभी सैन्यासाठी तयार झालेले बॅलिस्टॉल किंचित अल्कधर्मी असते, पाण्यात मिसळते आणि लाकूड-चामड्याला बाधत नाही. एकाच कुपीत सफाई, वंगण आणि संरक्षण देणारी सीएलपी तेले अमेरिकन सैन्याच्या ठरलेल्या मानकावर उतरलेली असतात. ज्याला एकच कुपी ठेवायची आहे आणि खर्चाचा प्रश्न नाही, त्याने यांपैकी एक निःशंकपणे घ्यावी. माझे म्हणणे एवढेच, की तीन स्वस्त डब्यांतून जे साधते ते एका महागड्या कुपीपेक्षा आपल्या हवेत कमी नाही.

नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा नियम वेगळा आहे. काळ्या दारूची राख ओल ओढून घेणाऱ्या क्षारांनी भरलेली असते, आणि क्षार तेलात विरघळत नाहीत. तिच्यावर खनिज तेल ओतले तर डांबरासारखा थर तयार होतो आणि त्याच्या आत गंज शांतपणे चालू राहतो. आधी साबणाचे कढत पाणी गजाने फिरवावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबू नये, नळी उन्हात पूर्ण वाळवावी आणि मगच रस्ट प्रिव्हेंटिव्हचा हात द्यावा. जुन्या साठ्यातल्या, गंज आणणाऱ्या टोपीच्या (दारू पेटवणाऱ्या प्रायमरच्या) काडतुसांनंतरही हेच करावे.

तेल कोणतेही असो, प्रमाण चुकले की नुकसान होते. बंदूक नळी वर करून उभी ठेवली, की जादा तेल महिनोन्महिने खाली उतरत दस्त्याच्या मानेत मुरते. तिथले अक्रोडाचे लाकूड काळे पडून मऊ होते, आणि एखाद्या दिवशी बार काढताच तडकते. दुरुस्तीला आलेल्या जुन्या दुनळ्यांत मानेजवळचा हा काळा पट्टा हमखास दिसतो, आणि तो पाहून नखाने दाबले तर लाकूड दबते. तेल दिल्यानंतर पहिले एक-दोन दिवस बंदूक नळी खाली करून, तोंडाखाली जुने कापड ठेवून उभी करावी. नळीच्या आतला थर बार काढण्याआधी कोरड्या चिंदीने पुसलाच पाहिजे, आणि चेंबर तर नेहमीच कोरडे असावे. तेलकट चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही आणि धक्क्याचा सगळा भार कुलपावर येतो. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरमध्ये पावसाळाभर बंदूक ठेवण्याची चाल तर सोडूनच द्यावी, कारण कव्हर ओल धरते आणि तेल शोषून घेते. हे सर्व करण्यापूर्वी बंदूक उघडून दोन्ही चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि चापाची यंत्रणा घरी खोलू नये. ते काम परवानाधारक कारागिराचे आहे.

आपल्या भागात एक प्रसंग असा येतो, ज्याचा विचार कोणत्याही कंपनीच्या डब्यावर नसतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक बहुतेक वेळा ठाण्यात जमा करावी लागते. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत ती २९ मार्चला जाहीर झाली आणि निकाल १३ मेला लागला. २०२४ च्या लोकसभेला तर १६ मार्च ते ४ जून एवढा काळ गेला. म्हणजे वळवाचा सगळा पाऊस बंदूक परक्या खोलीत, इतर बंदुकांना टेकून, कोणीही न पुसता काढते, आणि हाती येते तेव्हा मृगाचा पाऊस तोंडावर असतो. जमा करायला जाण्याच्या आदल्या दिवशी रोजचे तेल पूर्ण पुसून नळीला आतून-बाहेरून रस्ट प्रिव्हेंटिव्ह द्यावे, बिजागरीला कॅल्शियम ग्रीस थोडे सढळ हाताने लावावे आणि हातांचा घाम लागू नये म्हणून शेवटी धातूला चिंदीनेच धरावे. परत आणल्यावर आधी नळी आतून पुसून प्रकाशाकडे धरून पाहावी.

नव्याने खरेदी करणाऱ्याने पाव किलो कॅल्शियम ग्रीस, अर्धा लिटर तेलकट थराचे रस्ट प्रिव्हेंटिव्ह आणि सुटे मिळाल्यास पाव लिटर ६८ नंबरचे स्लाइडवे ऑईल घ्यावे. स्लाइडवे मिळाले नाही, तर नवे, न वापरलेले इंजिन ऑईल किंवा लाल ट्रान्समिशन तेल त्या जागी चालेल. सुटे तेल घेताना बाटली स्वतःची, आतून कोरडी न्यावी आणि तिच्यावर नाव लिहून चिठ्ठी चिकटवावी, कारण घरात ही तेले खाद्यतेलाच्या बाटल्यांतच भरली जातात आणि लहान मुलांचा हात तिथपर्यंत पोचतो. तेलकट चिंद्या कोपऱ्यात गोळा करून न ठेवता उघड्यावर वाळवून टाकाव्यात, आणि दस्त्याला लावायचे जवसाचे तेल असेल तर हे विशेष पाळावे, कारण जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंद्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो.